शालनकाकूंच्या मापाचा पडदा

"धरा," म्हणत घाडगे काकांनी काळ्या मखमलीचा सबंध तागा माझ्या दोन्ही हातांवर ठेवला, आणि मी जे बोलायला आलो होतो ते राहूनच गेलं.

"काका, मला जरा बोलायचं—"

"बोलू की. अख्खा दिवस पडलाय. आधी हे आत घ्या आणि जमिनीला लागू देऊ नका. मखमलीवर एकदा धूळ बसली की झटकून जात नाही."

मग काय, तागा छातीशी धरून मी त्यांच्या मागे निघालो. स्वयंपाकघरात वृषाली उभी होती. तिनं नुसत्या भुवया वर करून विचारलं, सांगितलं का? मी मानेनंच नाही म्हटलं. ती पुन्हा ओट्याकडे वळली. स्वयंपाकघरातून चार पायऱ्या उतरल्या की गॅरेज लागायचं, आणि निवृत्तीनंतर काकांनी त्या गॅरेजचं थिएटर केलं होतं.

याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी साताऱ्याला बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरीला होतो, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, काकांच्या कराडच्या त्याच बंगल्यात माझा आणि त्यांच्या मुलीचा, वृषालीचा, साखरपुडा होता. तो मोडायला मी आलो होतो. मला स्वतःला तो मोडायचा नव्हता. पहिल्याच भेटीत वृषालीनं मला विचारलं होतं, "तुम्हाला खरंच काही विचारायचंय, की घरच्यांनी प्रश्न शिकवून पाठवलेत?" आणि तिथंच माझा निकाल लागला होता. मी भलताच खूश होऊन साताऱ्याला परतलो होतो. पण गुरुवारी तिचा फोन आला.

"दुसरं कोणीतरी आहे," ती म्हणाली. "बेळगावचा आहे. आपल्यातला नाही. मी आधीच सांगायला हवं होतं, पण बाबांपुढे माझं तोंड उघडत नाही."

"मग आता?"

"तुम्ही नाही म्हणा ना. मुलाकडून नकार आला की कोणी फार खोदत बसत नाही. बाबा तुम्हाला चार शिव्या घालतील आणि गप बसतील. माझ्याकडून गेला, तर ते मला जन्मभर गप बसवतील."

माझ्या जागी शहाणा माणूस असता तर त्यानं तिथंच हात झटकले असते. मी हो म्हणालो. वर, नकार फोनवर कळवणं बरं दिसत नाही, समोर जाऊन सांगतो, हा आगाऊपणाही केला. कारण काय द्यायचं ते ठरलं होतं: माझं मन नाही. वृषालीचं नाव कुठंही येऊ द्यायचं नाही, असा शब्द तिनं घेतला होता. पाच मिनिटांचं काम, दुपारच्या एस.टी.नं परत, अशी माझी कल्पना.

घाडगे काकांची मला पुरती ओळख नव्हती, म्हणून ती कल्पना. काका पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. सगळा जन्म कालव्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या मुकादमाला सूचना देण्यात गेल्यामुळे घरातही त्यांचा आवाज पलीकडच्या काठाला पोचेल असाच लागायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त समोरचा बोलत असला की ते जागा मिळेल तिथून आत शिरायचे, आणि एकदा शिरले की बाहेर पडायचे नाहीत.

गॅरेजला खिडकी नव्हती. बाहेरचं शटर विटांनी बुजवलेलं, भिंतींना काळा रंग, खाली जाड गालिचा, दारावर काळा पडदा. आत गेलं की सकाळ आहे की संध्याकाळ, काही कळायचं नाही. काकांनी दार लोटलं, पडदा ओढून घेतला, आणि मखमल उडते म्हणून पंखाही लावला नाही.

"दार उघडं ठेवू या का थोडं?" मी विचारलं.

"कशाला? उजेड येतो."

समोरच्या भिंतीवर आठ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच असा सिनेमाचा पडदा, ॲल्युमिनियमच्या चौकटीत ताणून बसवलेला.

"हा आजकालच्या मापाचा," काका म्हणाले. "रुंद. पण उद्या मला जे दाखवायचंय ते जुन्या टीव्हीच्या मापाचं आहे. उंची एवढीच, रुंदी मात्र सहा फूट. म्हणजे दोन्ही बाजूंना फूट फूट पडदा उरतो. उरतो की नाही?"

"उरतो."

"तो झाकायचा. प्लायच्या दोन उभ्या फळ्या, त्यांवर मखमल. वर खाचेची पट्टी लावायची, त्यात फळ्या अडकवायच्या. रुंद सिनेमा असला की काढून ठेवायच्या. पण लावल्या की पडदा मुळातच त्या मापाचा आहे असं वाटलं पाहिजे."

"सुतार नाही का आला?"

"काल आला होता. मी सांगत होतो आणि तो मध्ये मध्ये बोलत होता. हाकलला."

हे ऐकून माझं उरलंसुरलं बळ गेलं.

आम्ही मखमल कापायला घेतली. म्हणजे मी ती ताणून धरायची आणि काकांनी कापायची. कात्री धारदार होती आणि माझी बोटं तिच्या वाटेवर होती, तरी मी पुन्हा हिंमत केली.

"काका, उद्याच्या कार्यक्रमाबद्दल बोलायचं होतं."

"सगळं झालंय. आचाऱ्याला सांगितलं, पुरणपोळी नको, या उन्हात जड होते. तुमच्या आईंना गोड काय आवडतं?"

"खीर. पण काका, मी—"

"गव्हाची?"

"शेवयांची."

"वृषाली!" काकांनी दाराच्या दिशेनं हाक मारली. "आचाऱ्याला फोन कर. शेवयांची खीर!"

वरून बारीकसं "हो" आलं. त्या एका अक्षरात माझ्याबद्दल काय काय भरलं होतं, ते मला तिथं घामाघूम बसल्या बसल्या नीट ऐकू आलं. सकाळपासून मी तिचं काम करत नव्हतो, उलट साखरपुड्याची खीर ठरवून बसलो होतो.

फळ्यांवर मखमल चढली. काका मागे सरकून बघत राहिले, मग म्हणाले, "आता एकदा चित्र लावून कड कुठं येते ते बघू." त्यांनी दिवा मालवला. प्रोजेक्टर घरघरला.

सरकारी क्वार्टरचं अंगण दिसलं. मागे पेरूचं झाड. पायरीवर हिरव्या साडीतली एक बारीक, उंच मानेची बाई बसली होती आणि पुढ्यातल्या चार वर्षांच्या पोरीची वेणी घालत होती. पोरगी चुळबुळ करत होती. बाईनं वर बघितलं, हसली आणि म्हणाली, "मला काय घेताय, तिला घ्या की!"

काकांनी तिथंच चित्र थांबवलं.

"ही शालन," ते म्हणाले. "वृषालीची आई."

शालनकाकू वृषाली लहान असतानाच गेल्या, एवढं मला माहीत होतं. हॉलमध्ये हार घातलेला फोटो होता, पण तो स्टुडिओतला, ताठ बसलेला. ही बाई आत्ता उठून आम्हाला काहीतरी काम सांगेल अशी बसली होती.

"माझा भाऊ मस्कतहून आला होता, त्याचा कॅमेरा," काका म्हणाले. "पुढे कॅसेटवरून सीडी करून घेतली, तर दुकानदारानं चित्र आडवं ताणलं. आताचा टीव्ही भरावा म्हणून. त्याला वाटलं, गिऱ्हाईक खूश होईल. मी दहा वर्षं ती ताणलेली शालन बघत होतो, सुहासराव. गोल चेहरा, जाडजूड दंड. आणि मला वाटायचं, अशीच होती. आपणच विसरलो."

मी मखमलीचे उरलेले तुकडे गोळा करायला लागलो.

"मागच्या महिन्यात मूळ कॅसेट पुन्हा नीट करून आणली. लावली, आणि ही समोर आली. मी पहिल्यांदा ओळखलंच नाही. मग ओळखलं." काका खाकरले. "पण हे बघा. दोन्ही बाजूंना करडे पट्टे दिसतात की नाही? प्रोजेक्टरचा काळा रंग खरा काळा नसतो, उजेड सांडतोच. त्या करड्यात तिचा चेहरा विझल्यासारखा होतो. म्हणून मखमल. उद्या तुमच्या आई येणार. विहिणी-विहिणींनी एकमेकींना बघायला नको? आमच्याकडून पुढे व्हायला दुसरं बाईमाणूस नाही. म्हटलं, शालनलाच बसवू. पण नीट बसवू. तिच्या मापाच्या पडद्यावर."

मला भडभडून आलं, हे मी लपवत नाही. तोवर मी नुसता काकांच्या बोलण्यात अडकलो होतो. आता त्या पायरीवरच्या बाईनंही मला धरून ठेवलं. एकीकडे वृषालीला दिलेला शब्द, दुसरीकडे हा माणूस, बायकोची आणि माझ्या आईची भेट घडवायला निघालेला. आणि मधल्या मध्ये मी, ज्याला त्या घरात जावई व्हायची मनापासून इच्छा होती आणि ज्याला ते घर मोडायला पाठवलं होतं. बाहेर पळून जावंसं वाटत होतं. पण दारावर पडदा होता, पडद्यापुढे खुर्च्या होत्या, आणि खुर्च्यांपुढे काका दोन नळ्यांतला गोंद एका पत्र्यावर काढत होते.

"चित्र राहू दे तसंच," ते म्हणाले. "तेवढा उजेड पुरे. हा कालवा."

मी गोंद कालवला. उग्र वास नाकात गेला, थोडा शर्टावर सांडला. चौकटीला भोक पाडलं तर पडद्याचा ताण जातो, म्हणून खाचेची पट्टी वरच्या कडेला चिकटवायचीच, असं काकांचं ठरलं होतं. पट्टी आठ फुटांची, सागवानी, वजनदार.

"तुम्ही डावं टोक, मी उजवं. एकदा टेकवली की अर्धा तास हलायचं नाही. हाललं की गोंद तुटतो आणि मग तो पुन्हा धरत नाही. समजलं?"

"समजलं."

आम्ही पट्टी उचलली आणि डोक्याच्या वर, चौकटीला दाबून धरली. दोघांचे हात वर, तोंडं पडद्याकडे. आम्ही उभे होतो ते नेमके दोन बाजूंच्या करड्या पट्ट्यांत, आणि मध्ये शालनकाकू हसत होत्या. थोड्याच वेळात माझे खांदे भरून आले. घाम कानावरून मानेत उतरत होता आणि तो पुसायची सोय नव्हती. काका जेवणाच्या पंगतीबद्दल बोलत होते, मग गुरुजींबद्दल, मग माझ्या आईला कुठल्या खुर्चीत बसवलं म्हणजे चित्र सरळ दिसेल त्याबद्दल. मला कळून चुकलं, की याहून चांगली वेळ येणार नाही. आणखी थोडा गप्प राहिलो तर उद्या त्या खुर्चीत माझी आई खरंच येऊन बसेल.

"काका, मला हे लग्न करायचं नाही."

ते बोलत होते, त्यांचं वाक्य पुढे जात राहिलं आणि मग मध्येच थांबलं.

"काय म्हणालात?"

"साखरपुडा नको. माझं मन नाही. तेच सांगायला मी सकाळी आलो होतो."

आता शिव्या येतील म्हणून मी डोळे मिटून घेतले. शिव्या खायची तयारी करूनच आलो होतो, पण अशी दोन्ही हात वर करून, हलता येत नसताना खायची नव्हती. शिवी आली नाही.

"हात सोडू नका," काका म्हणाले.

मग ते गप्प झाले. त्या दिवसात पहिल्यांदाच. प्रोजेक्टरचा पंखा किती आवाज करतो ते मला तेव्हा समजलं.

"मन नाही?"

"नाही."

"वृषालीत काही खोट दिसली?"

"छे! काहीच नाही."

हे मी फार घाईनं बोललो. काकांनी माझ्याकडे मान वळवली.

"सुहासराव, मी जन्मभर माणसांकडून कामं करून घेतली. ज्याचं मन नसतं तो मातीची पाटी उचलायच्या आधीच दुखते म्हणून पाठ धरतो. तुम्ही सकाळपासून मखमल धरली, गोंद कालवला, चांगल्या शर्टाची वाट लावून घेतली. शालनला बघून तुमचे डोळे भरलेले मी पाहिले. मन नसलेला माणूस फोन करून मोकळा होतो."

मी पट्टीकडे बघत राहिलो.

"म्हणजे मन तिचं नाही."

"नाही काका, तसं नाही, माझंच—"

"तुमचं टोक खाली येतंय. वर धरा."

मी वर धरलं. माझ्या दंडांना कापरं भरलं होतं. मी शब्द मोडला नव्हता आणि तरी सगळं उघड झालं होतं. खोटं तरी नीट बोलावं, तेही मला साधलं नाही, याची मला भयंकर लाज वाटली.

"दुसरं कोणी आहे का?" काकांनी विचारलं.

"ते मी नाही सांगू शकत."

"बरं." त्यांनी अंगठा सरकवून पट्टी पुन्हा दाबली. "मला सांगायला घाबरली होय?"

त्यांचा हा आवाज मी ऐकलेला नव्हता. तो खोलीच्या भिंतीपर्यंतही पोचला नसता.

"बोट लावलं नाही हो मी तिला कधी. ही गेल्यावर वेणी घालायला शिकलो मी. साइटवरून जेवायच्या सुट्टीत घरी यायचो, पोरीला भरवायचो आणि परत जायचो. विचारा तिला. मग भीती कसली? एका परक्या पोराला पाठवावं लागलं तिला?"

परका हा शब्द मला लागला. पण तो खरा होता, आणि परका होतो म्हणूनच मी उत्तर देऊ शकलो.

"तुम्ही ऐकत नाही, काका," मी म्हणालो. "मी सकाळपासून कितीदा तोंड उघडलं. मी एका दिवसाचा पाहुणा. ती या घरात वाढली."

काका समोर पडद्याकडे बघत होते. इतक्या जवळून त्यांना शालनकाकू दिसत नसणार. अशा अंतरावर चित्र दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. त्यांचेही हात थरथरत होते, ते मला पट्टीतून कळत होतं. दोघांनाही तिथून हलता येत नव्हतं. एरवी अशा बोलण्यानंतर माणूस उठून दुसऱ्या खोलीत जातो, दार आपटतो, पाणी पितो. आम्ही फक्त धरून उभे राहिलो.

दारावरचा पडदा सरकला आणि वृषाली चहाचा ट्रे घेऊन आत आली. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या पाठीकडे. त्यांची पाठ बघूनच तिला काय ते कळलं असावं, कारण दोन पावलं आत येऊन ती तिथंच थांबली.

"झालं का?" तिनं कसंबसं विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "अजून ओलं आहे. ट्रे ठेव तिथं."

तिनं ठेवला.

"इकडे ये. सुहासचं टोक तू धर. त्याला जाऊ दे."

वृषाली जागची हलली नाही. सुहासराव म्हणून हाक मारणारा माणूस मला घरातल्या मुलाला म्हणावं तसं सुहास म्हणाला होता, आणि त्याच वाक्यात मला घरातून सोडत होता. माझ्या मनात काय झालं ते मला धड सांगता येणार नाही.

"ये," काका पुन्हा म्हणाले. "ओरडत नाहीये मी."

ती आली. माझ्या शेजारी उभी राहून तिनं हात वर केले. अंगठा कुठं दाबायचा ते मी दाखवलं. तिची बोटं माझ्या बोटांशेजारी आली, मग माझ्या बोटांखाली. खांदे इतके दुखत होते की मी कधी सुटतो असं मला झालं होतं, आणि आता सुटायची वेळ आली तर मला सोडवेना. ते टोक धरून होतो तोवर मी त्या घरातला होतो.

"सोडा," वृषाली हळूच म्हणाली. "धरलंय मी."

मी सोडलं. हात लगेच खाली येईनात. ते खाली यायची वाट बघत मी खुर्च्यांमधून वाट काढली आणि दाराशी पोचलो. मागे वळून बघितलं तेव्हा बाप उजव्या कडेला, मुलगी डाव्या कडेला, दोघांचे हात वर, आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

"बोल," काका म्हणाले. "मी मध्ये बोलणार नाही."

मी पायऱ्या चढून स्वयंपाकघरात आलो. दार लोटायचं ध्यानात राहिलं नाही, की मुद्दामच लोटलं नाही, कोण जाणे. पुढच्या दाराशी वाकून बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्या, पण आखडलेल्या बोटांनी गाठ बसेना, म्हणून तिथंच पायरीवर बसलो. खाली बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग वृषालीचा आवाज आला. आधी अडखळत, मग सलग, मग रडत, आणि पुन्हा सलग. ती काय बोलत होती ते मला समजत नव्हतं आणि समजून घ्यायचंही नव्हतं. मी फक्त काकांचा आवाज मध्ये शिरायची वाट बघत होतो. माझी एस.टी. चुकली, तरी तो आला नाही.